रागावलास ते योग्यच, पण...

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज चढला होता. भर रस्त्यात एका म्हाताऱ्या बाईंना ढकलून शिव्या घालणाऱ्या माणसाचा तो व्हिडिओ मीही पाहिला. पोटात कालवलं. आजूबाजूचे लोक मोबाइल उंचावून नुसते उभे होते, त्यांचा तर जास्तच राग आला. असलं बघून ज्याचं रक्त तापत नाही त्याची मला काळजी वाटेल. तुझी वाटत नाही.

पण तो व्हिडिओ टाकताना खाली तू लिहिलंस, 'याचं नाव-गाव शोधून काढा, सोडू नका.' तिथे मी अडलो.

२०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. संतापलेल्या लोकांनी फोटो जुळवत इंटरनेटवर एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. त्याचा त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. घरचे आधीच त्याच्या शोधात हवालदिल झालेले, त्यात त्यांच्यावरच फोन आणि शिव्यांचा भडिमार झाला. पुढे त्या मुलाचा मृतदेहच सापडला. त्या आईवडिलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. शिव्या देणाऱ्यांना तर आपण न्यायाच्या बाजूने आहोत असंच वाटत असणार.

अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासून २०१७ साली एक गोष्ट मांडली: नैतिक भावना चेतवणारा एकेक शब्द वाढला, की ट्वीट सुमारे २० टक्के जास्त पसरतं. म्हणजे जहाल लिहावं तितकं ते पुढे जातं, आणि पुढे गेलं की आपलंच खरं वाटायला लागतं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. इतक्या प्रतिक्रिया वाचल्या, पण त्या बाईंना लागलं का, त्या घरी नीट पोचल्या का, हे विचारणारं कुणी दिसलं नाही. चेहरा मात्र त्यांचाही स्वच्छ दिसतो. त्यांचा अपमान झाला एकदाच, पण बघणाऱ्या प्रत्येकासमोर तो आपण पुन्हा करतोय.

तेव्हा ती ओळ काढ आणि व्हिडिओही उतरव. पण मूळ फाइल पुसू नकोस, तो पुरावा आहे, पोलिसांकडे दे. चित्रण ज्याने केलं त्याला गाठ. त्या बाई कोण, त्यांना तक्रार करायची आहे का, सोबत कुणी हवं आहे का, हे त्याच्याकडून कळेल. साक्ष द्यायला तो कचरत असेल तर त्याच्याशी बोल, तुझं ऐकेल.

काय होतंय ते मला कळव.

तुझे बाबा