काकू, जास्वंदीचं झाड झालं!

ती. काकूंस,
सा. न.

खरं तर घरी येऊनच बोलायचं. पण दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर जो येतो तो विचारतो, 'हे जास्वंदीचं झाड कुठल्या नर्सरीतलं?' म्हणून सगळ्यांदेखत सांगते. झुडूप न करता एकाच खोडावर छत्रीसारखं वाढवलेल्या या झाडाची काडी तुमची आणि अक्कलही तुमचीच.

एकच सरळ फुटवा ठेव, बुडातून येणारे बाकीचे काढ, बांबू रोव, एवढं कुणीही सांगितलं असतं. खोडावरची पानं राखायची, हे मात्र तुम्ही बजावलंत. बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच खुडायच्या, पानाला हात लावायचा नाही. खोड जाड होतं ते त्या पानांच्या जिवावर. मला खाली गुळगुळीत दांडा आणि वर छत्री असं लगेच हवं होतं. तुम्ही कात्रीच काढून नेलीत, आणि बरेच दिवस परत दिली नाहीत!

बांधायला सुतळी नको, जुन्या सुती साडीची पट्टी. काठी आणि खोडाच्या मधे इंग्रजी आठासारखा पीळ, म्हणजे साल घासत नाही. खोड भरलं की गाठ सैल करायची. काठी आता काढू का, असं विचारलं तर काकांकडे बघून म्हणालात, "डोकं जड असलं की आधार लागतोच."

छत्री जिथून हवी होती त्याच्या वर तीन-चार पेरं वाढू देऊन, साधारण साडेतीन फुटांवर शेंडा खुडला. पुढचे महिने मात्र अवघड गेले. प्रत्येक नव्या फांदीला तीन-चार पानं आली की तिचाही शेंडा खुडायचा. छत्री दाट होते, पण जास्वंदीला फूल नव्या फुटीवर. खुडत राहिलं तोवर कळी नाही. ऐन गणपतीत घरचं एकही लाल फूल नाही म्हणून सासूबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. तेव्हा रोज पूजेआधी तुमच्याकडून परडी यायची. वर "पुढच्या वर्षी मोजून दाखवा" असं त्यांना सांगून तुम्ही माझी बाजूही सावरलीत. या परडीचे आभार वेगळे.

पिठ्या ढेकणांवर, म्हणजे झाडावरच्या त्या पांढऱ्या किडीवर, पाण्याचा जोरदार फवारा आणि मग निंबोळी तेल, हेही तुमचंच.

फेब्रुवारीअखेर थंडी सरली की छाटणीला या. छत्री भरली आहे, खोडावरची पानं आता उतरवावीत असं वाटतं. तुम्ही पाहिल्याशिवाय हात लावणार नाही. छाटलेल्या काड्या मागणारे आत्ताच पुष्कळ झालेत. कुणाला द्यायच्या ते तुम्ही ठरवा.

तुमची,
गच्चीवाली शेजारीण
बडोदे