आवाज क्रॉसचा, बदललं क्राउन-पिनियन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आवाजाचं मूळ न शोधता केलेल्या दुरुस्तीबाबत तक्रार

महोदय,

माझी २२ वर्षं जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मी तुमच्या वर्कशॉपमध्ये एकाच तक्रारीसाठी दिली होती. सावकाश चालवताना खालून तालात किर्र-किर्र आवाज यायचा आणि रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकली की एकदा खट्ट व्हायचं. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली तरी किरकिर थांबत नाही, हेही मी गाडी देताना सांगितलं होतं. जॉबकार्डवर मात्र दोनच शब्द उतरले: ‘मागून आवाज’.

त्या दोन शब्दांवर तुम्ही मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकांची पेटी, उघडलंत. तिच्यातली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी आणि सगळी बेअरिंगं नवीन घातलीत. गाडी घेऊन गेटबाहेर पडलो, पहिल्याच वळणावर तीच किरकिर. शिवाय आता ॲक्सिलरेटर सोडला की ५० ते ६०च्या वेगात एक बारीक शीळ ऐकू येते. ती आधी कधीच नव्हती.

मग मीच शोधायला बसलो. मागच्या टायरवर खडूची रेघ मारली, भावाला गाडी अगदी हळू चालवायला सांगितली आणि शेजारून चालत आवाज मोजला. चाकाच्या एका फेऱ्यात किरकिर चारदा येत होती. या गाडीचा रेशो ४.१ आहे, म्हणजे चाक एकदा फिरतं तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दांडा, साधारण चारदा फिरतो. चाकाचं बेअरिंग, ब्रेक आणि टायर तिथेच बाद झाले. जे वाजत होतं ते शाफ्टच्या वेगाने फिरत होतं.

पिनियनही शाफ्टच्याच वेगाने फिरतो, त्यामुळे त्यावर संशय घ्यायला माझी हरकत नाही. पण तो संशय फेडायला किती वेळ लागतो? चाकांना अडण लावून मी फ्लँजचे, म्हणजे शाफ्ट डिफरन्शियलला जोडणाऱ्या चकतीचे, चार बोल्ट काढले, शाफ्ट खाली घेतला आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकता सांधा, हाताने हलवून पाहिला. एका दिशेला तो मधोमध येऊन अडकत होता. क्रॉसच्या दांडीवर बसणाऱ्या वाटीच्या सीलभोवती तांबूस भुकटी जमली होती. लॉक काढून वाटी उतरवली तर आत ग्रीसचा टिपूस नाही, बेअरिंगच्या सुया गंजून मोडलेल्या, आणि क्रॉसच्या दांडीवर सुयांच्या रेघा इतक्या खोल की नख अडकत होतं. शाफ्ट बाहेर ठेवून फोर-व्हीलमध्ये पुढच्या चाकांवर मातीच्या रस्त्याने गाडी चालवली. किरकिर नाही, खट्टही नाही. नवा क्रॉस घातल्यापासून दोन्ही आवाज गेले आहेत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते असं: शाफ्ट फ्लँजपासून सोडवल्याशिवाय पिनियन निघतच नाही. म्हणजे हाच सुकलेला क्रॉस तुमच्या माणसाच्या हातात होता. त्याने तो एकदा जरी वाकवून पाहिला असता तरी काम तिथेच संपलं असतं. चालत्या गाडीचा क्रॉस तुटला तर सुटलेला शाफ्ट खाली काय काय फोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या अवस्थेत ‘काम पूर्ण’ असा शिक्का मारून गाडी माझ्या घरच्यांसाठी दिली गेली.

आता शिळेबद्दल. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बसवतात. शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जुळवून, दातांना रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात त्याचा ठसा तपासावा लागतो. माझ्या जॉबकार्डवर ना बॅकलॅशचं माप आहे, ना शिमची जाडी. जुनी जोडी मागितली तेव्हा ‘भंगारात गेली’ असं उत्तर मिळालं. ती जोडी खरंच खराब होती, याचा पुरावा मग कशात आहे?

माझ्या मागण्या अशा. डिफरन्शियलच्या कामाचे सुटे भाग आणि मजुरी यांची पूर्ण रक्कम परत करावी. नव्या जोडीची मापं माझ्यासमोर घेऊन, ती चुकली असतील तर विनाशुल्क दुरुस्त करून लेखी द्यावीत. माझी जुनी जोडी अजून कुठे पडून असेल तर ती शोधून परत द्यावी. ती चांगली निघाली तर मला तीच हवी आहे. आणि यापुढे माझी तक्रार जॉबकार्डवर माझ्याच शब्दांत लिहावी. या पत्राचं लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावं.

काढलेला क्रॉस मी जपून ठेवला आहे. तपासणीच्या दिवशी घेऊन येईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉबकार्ड व बिलाची प्रत, क्रॉसचे फोटो