वैमानिकाच्या झोपेत सूट कशाला?

मा. संपादक,

मी एसटीचा निवृत्त चालक, राहणार यवतमाळ जिल्हा. मुक्कामी गाडीवर असलो की सीटवरच अंग टाकायचं, डासांत जेमतेम डोळा लागायचा अन् पहाटे पुन्हा स्टेअरिंग. त्या वेळी डोळे उघडे असतात, पण एखादं गाव कधी मागे पडलं ते कळत नाही. त्यामुळे वैमानिकांच्या थकव्याची बातमी मी दोनदा वाचतो. मुलगा पुण्याहून नागपूरला रात्रीच्याच विमानाने येतो.

२०१० च्या मंगळुरू अपघातात १५८ जीव गेले. कॅप्टनचं घोरणं कॉकपिटच्या रेकॉर्डरवर सापडलं होतं. झोपेतून उठल्याबरोबर डोकं ताळ्यावर येत नाही, हे चौकशीतही नोंदलं गेलं.

वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांनी त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. या नियमांचा दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. डिसेंबरात इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली अन् विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेने तिला रात्रपाळीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. प्रवाशांचे हाल झाले, हे खरं. पण नियम येणार हे कंपनीला आधीच माहीत होतं. माणसं वेळेत भरली नाहीत, तर त्याची भरपाई वैमानिकाच्या झोपेतून का?

कंपन्या थकव्याचे तिमाही अहवाल डीजीसीएला देतात. ते कंपनीनिहाय जाहीर करावेत. आणि 'थकलोय, आज उडवत नाही' म्हणणाऱ्या वैमानिकाचा एक रुपयाही कापला जाऊ नये.

– एक निवृत्त एसटी चालक, जि. यवतमाळ