पहिली मालमत्ता घेण्याआधी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात चार बेत सांगितलेस. जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकायचं. फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा. प्लॉट घेऊन ठेवायचा. नाहीतर सरळ रीटची, म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या संस्थेची, युनिट्स (हिस्से) घ्यायची. या चारही वाटांनी लोकांनी पैसा केला आहे आणि चारही वाटांनी लोक अडकलेही आहेत. म्हणून ‘सगळ्यात जास्त कशात मिळतं?’ या प्रश्नापासून तू सुरुवात करू नयेस. आधी स्वतःकडे बघ. हाताशी रक्कम किती, महिन्याकाठी उरतं किती, मोकळा वेळ किती, आणि वाईटपणा घ्यायची तयारी किती?

दुरुस्त करून विकण्याची तुला सगळ्यात जास्त ओढ आहे, म्हणून त्याचं गणित मांडते. सगळे आकडे लाखांत धर. समज, घर ७० ला घेतलंस आणि नीट केल्यावर ते १०० ला जाईल. दुरुस्ती १५, खरेदी-विक्रीचे खर्च आणि दलाली मिळून ७, सहा महिन्यांचं व्याज ३. राहिले ५, त्यातून कर वेगळा. आता भिंत उघडल्यावर आतली पाइपलाइन सडलेली निघाली आणि दुरुस्ती २० वर गेली, तर हातात शून्य. गिऱ्हाईक मिळायला आणखी सहा महिने लागले, तर पदरचे ३ घालायचे. या धंद्यात नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. त्यासाठी दुरुस्तीचा अंदाज अचूक हवा, विश्वासाचा कंत्राटदार हवा आणि दिवसा कामावर हजर राहायला हवं. तुझी नोकरी सकाळी सुरू होते ती रात्रीच संपते. ही वाट वाईट नाही, पण आत्ता ती तुझी नाही.

भाड्याचं बघ. ‘हप्ता भाड्यातून सुटेल’ असं तू म्हणालीस. घर १०० चं, वर्षाचं भाडं ६. एक महिना घर रिकामं राहिलं तर अर्धा गेला. डागडुजी, कर, विमा यांत आणखी एक. उरले साडेचार. ७० कर्ज काढलंस तर ८ टक्के व्याजानं, २० वर्षांच्या मुदतीत, वर्षाचा हप्ता साधारण ७ येतो. म्हणजे दरवर्षी अडीच तुझ्या पगारातून जाणार. तेच कर्ज ४० असेल तर हप्ता ४ आणि घर स्वतःचा खर्च स्वतः भागवतं. घर तेच, भाडेकरू तोच. फरक फक्त तू किती घालतेस याचा. आणि ७० च्या कर्जावर भाव १० नं उतरले, तर तुझ्या ३० मधले १० गेले, एक तृतीयांश. भाव चढतात तेव्हा हेच कर्ज फार गोड वाटतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

प्लॉटबद्दल थोडक्यात: तो भाडं देत नाही, त्यामुळे सगळी भिस्त भावावर. कर्ज काढून तर घेऊच नकोस. रीटची कल्पना अमेरिकेत १९६० च्या कायद्यानं रुजली. लहान रकमेत मोठ्या इमारतींच्या भाड्यात वाटा मिळतो आणि नोंदणीकृत रीट असेल तर युनिट बाजारात विकता येतं. पण त्याचा भावही शेअरसारखा रोज हलतो.

मला विचारशील, तर तू न सांगितलेली पाचवी वाट तुझ्यासाठी सगळ्यात बरी. दोन भाग पडतील असं घर घे, एका भागात स्वतः राहा आणि दुसरा भाड्यानं दे. तू आत्ता जे भाडं भरतेस ते वाचेल आणि भाडेकरू सांभाळणं म्हणजे काय ते रोज समोर दिसेल. माझी काळजी वेगळीच आहे. तुला कुणाला नाही म्हणवत नाही. भाडं थकलं की तू महिनाभर गप्प बसशील. म्हणून करार लेखी कर, अनामत आधी घे आणि भाडेकरूच्या आधीच्या घरमालकाशी बोलल्याशिवाय किल्ली देऊ नकोस. यात मन कठोर करावं लागत नाही, आधी ठरवून ठेवावं लागतं.

एक वाट निवडलीस की पहिला व्यवहार पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे बघू नकोस. दर आठवड्याला बेत बदलणाऱ्याला कुठल्याच भागाचे भाव नीट कळत नाहीत. एकच वस्ती धर. तिथे मागितलेला भाव आणि प्रत्यक्षात झालेला भाव यांत किती अंतर पडतं ते टिपत राहा. आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, मग घर कितीही मनात भरलेलं असो.

मालकी कुणाची, घरावर बोजा आहे का, हे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घेतल्यावरच बयाणा दे. विकणाऱ्यानं सुचवलेला वकील नको.

वरच्यासारखं गणित तुझ्या खऱ्या आकड्यांनी मांडून पाठव. भाडं कमी धर, खर्च जास्त धर. मी वाचून फोन करते.

तुझी,
आई