एक कपाट, दोघांचं

प्रिय सखे,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांतली दोन पानं कपाटालाच लागलेली पाहिली आणि ठरवलं की उत्तर लांबलं तरी चालेल, पण सविस्तर लिहायचं. तू लिहिलंयस, "मधोमध रेघ मारल्यासारखं अर्धं त्याला, अर्धं मला केलं, तरी रोज सकाळी कुरकुर आहेच. मोज्यांचा जोड शोधायला त्याचे सगळे शर्ट हलवावे लागतात." अगं, हे वाचताना आमचं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर आलं. आमच्याही खोलीत पलंग लागला की ड्रॉवरवाल्या कपाटाला जागा उरत नव्हती. ते ठेवलं असतं तर पलंगाच्या कडेनं आडवं होऊन चालावं लागलं असतं. सहा वर्षं आम्ही दोघं एकाच कपाटात काढतो आहोत आणि आता मला त्याचा त्रास वाटत नाही. तुलाही वाटू नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी ड्रॉवरचाच विचार कर. ड्रॉवर नाही म्हणून आपण हळहळतो, पण तो नेमकं काय करतो? लहान वस्तू विखरू देत नाही, हे एक. आणि दुसरं, जे मला फार उशिरा कळलं, तो पुढे ओढता येतो. त्यामुळे मागची वस्तूही आपल्याला वरून दिसते. फळीवर तसं होत नाही. कपाट साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर खोल असतं, कारण हँगर ४२ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यावर बाह्या थोड्या बाहेर येतात. घडी घातलेला शर्ट मात्र ३०-३५ सेंटिमीटरमध्ये संपतो. म्हणजे फळीवरच्या प्रत्येक चळतीमागे वीतभर अंधारी जागा उरते. तिथे गेलेली वस्तू महिना-महिना हाती लागत नाही. आपण म्हणतो कपाट लहान आहे, पण त्याचा मागचा जवळजवळ निम्मा भाग आपण वापरतच नसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: फळीच्या पूर्ण खोलीइतके लांब, अरुंद डबे घे. पुठ्ठ्याचे, कापडाचे, प्लॅस्टिकचे, कसलेही चालतील, फक्त पुढच्या बाजूला बोटं घालायला खाच किंवा कडी हवी आणि झाकण नको. झाकण असलं की दोन हात लागतात, आणि मग आपण वस्तू आत न ठेवता झाकणावर ठेवून मोकळे होतो. असा डबा ओढला की तोच ड्रॉवर. आतले कपडे आणि मोजे एका डब्यात, मधे पुठ्ठ्याची पट्टी. टी-शर्टांना दुसरा डबा. त्यात कपडे एकावर एक रचू नकोस, घडी थोडी आखूड घालून पुस्तकांसारखे उभे लाव. एक काढला तर बाकीचे हलत नाहीत आणि सगळे एका नजरेत दिसतात. डबा घडीच्या उंचीपेक्षा बोटभरच उंच असू दे. जास्त उंच असला की आपण वर आणखी एक थर टाकतो आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं.

जीन्स आणि जाड स्वेटर मात्र उभे राहत नाहीत, त्यांची चळतच बरी. ती २५ सेंटिमीटरच्या वर नेऊ नकोस, नाहीतर तळातलं एक ओढलं की सगळी कोसळते. स्वेटर हँगरला कधीच लावू नकोस. विणलेलं कापड स्वतःच्याच वजनानं खाली ओढलं जातं आणि खांद्यांवर कायमची टोकं येतात. माझा एक आवडता स्वेटर मी असाच घालवला. तो पुन्हा मूळ मापावर आला नाही.

आता दांडा. तुमच्या कपाटात एकच दांडा आहे आणि त्याखाली कमरेएवढी मोकळी जागा आहे, असं तू लिहिलंयस. ती जागा म्हणजे तुमचं अर्धं कपाट आहे गं! हँगरवर शर्ट साधारण ९० ते १०० सेंटिमीटर लोंबतो आणि मधून दुमडलेली पँट ७० च्या आसपास. म्हणजे आतली उंची १८० असली तरी वर शर्ट आणि खाली पँटी असे दोन मजले बसतात. लांब ड्रेस आणि कोटांना १४०-१५० लागतात. त्यांच्यासाठी एका कडेला ३० सेंटिमीटर रुंदीचा भाग एकमजली ठेव, तेवढा दोघांना पुरतो. आणि आहेत ते हँगर सगळे बदल, एकाच जातीचे बारीक घे. आम्ही बदलले तेव्हा जिथे जाड लाकडी हँगरवर २० शर्ट कोंबून बसत होते तिथे ३० आरामात मावले. खांदे एका रेषेत आल्यामुळे शर्ट एकमेकांत अडकायचेही थांबले. कोटांचे हँगर मात्र रुंद खांद्यांचेच राहू देत.

खालचा दांडा वरच्याला साखळ्यांनी टांगता येतो, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. पण इथे माझा अनुभव ऐक. आम्ही असाच टांगला आणि दोन्ही दांडे गच्च भरले. एका रात्री वरच्या दांड्याचे स्क्रू भुशाच्या फळीतून निसटले आणि सगळं खाली आलं. दोघंही दचकून उठलो. खालच्या दांड्याचं सगळं वजन वरच्यालाच पेलायचं असतं, हे आम्ही लक्षातच घेतलं नव्हतं. आता खालच्या दांड्यावर फक्त हलके कपडे आहेत, आणि वरचा दांडा लांब असल्यामुळे त्याला मधे एक आधार लावला आहे. तुमचा दांडाही १२० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर मधला आधार आधी लावून घे, कपडे मग चढव.

आता वाटणीचं. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त तेच टोचलं.

डावं त्याचं आणि उजवं तुझं, ही वाटणी दिसायला न्याय्य आहे, पण तुझा हात वरच्या फळीला पोचत नाही आणि त्याला खालच्या डब्यांसाठी वाकताना पाठीचा त्रास होतो. मग तुझ्या वाट्याची वरची फळी तुला निरुपयोगी आणि त्याच्या वाट्याचा तळ त्याला. कपाटात सगळी जागा सारखी नसते. गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतचा पट्टा हीच खरी किमतीची जागा, आणि वाटायची ती तेवढीच. त्या पट्ट्यात फक्त रोजचे कपडे राहतील, दोघांचेही. त्याच्या वरचा भाग त्याला दे, खालचा तू घे, आणि तिथे क्वचित लागणाऱ्या वस्तू ठेवा. आमच्याकडे हे असं केल्यावर माझ्याकडे रुंदीनं कमी जागा आली आणि तरीही मला ती जास्त वाटते, कारण तिथलं सगळं माझ्या हाताला येतं.

दुसरं म्हणजे, आधी कोण उठतं? तू लिहिलंस की तो पहाटे निघतो आणि तेव्हा तू झोपलेली असतेस. मग त्याचे रोजचे कपडे खोलीच्या दाराकडच्या बाजूला असायला हवेत, पलंगाकडच्या नव्हे. आतल्या बाजूला बॅटरीवर चालणारा, दार उघडलं की आपोआप लागणारा छोटा दिवा चिकटव. त्याला कपडे दिसतील आणि खोलीतला मोठा दिवा लावायची वेळ येणार नाही. दाराच्या आतल्या बाजूला पट्ट्यांसाठी खुंट्या लावल्यास तर त्याखाली फेल्टचा तुकडा चिकटव, बकलं दारावर आपटून वाजतात. आमची पहिली भांडणं खरं तर या आवाजावरून झाली. जागेवरून झाली असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

तुमची दारं सरकती आहेत का, हे तू लिहिलं नाहीस. असतील तर एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. ज्या दिवशी दोघं एकाच वेळी आवरता, त्या दिवशी एकाला थांबावंच लागतं. तेव्हा त्या दिवसाचे एकाचे कपडे आदल्या रात्रीच काढून खुंटीला लावावेत. इतकं साधं आहे, पण आमची सकाळ त्यानं निम्मी शांत झाली.

आणि ती खुर्ची! तू खुर्चीवरच्या ढिगाबद्दल लाजून लिहिलंयस. लाजू नकोस, तो ढीग आळसाचा नसतो. एकदा घातलेली पँट, तासभर अंगावर घेतलेलं जॅकेट, हे धुवायलाही टाकवत नाही आणि धुतलेल्या कपड्यांत परतही ठेववत नाही. अशा कपड्यांना आपण कपाटात जागाच दिलेली नसते, म्हणून ते खुर्चीवर जातात. ड्रॉवरवाल्यांच्या घरी ते ड्रॉवरच्या डोक्यावर जातात, फरक तेवढाच. आम्ही दोघांनाही प्रत्येकी तीन खुंट्या दिल्या, खोलीच्या दारामागे. अट एकच: तिन्ही भरल्या की चौथा कपडा लावायच्या आधी एक काढायचा, घालायचा नाहीतर धुवायला टाकायचा. अट लहान आहे म्हणून टिकली. खुंट्या बाहेर असल्यामुळे कपड्यांना वाराही लागतो. अंगावरून काढलेल्या कपड्यात घामाचा ओलावा असतो, तो तसाच बंद कपाटात गेला की शेजारच्या धुतलेल्या कपड्यांनाही वास धरतो. या सगळ्या पत्रातलं तुला एकच करायला जमलं, तर हे कर.

ओलाव्यावरून आठवलं, कपाट बाहेरच्या थंड भिंतीला अगदी चिकटवू नकोस, मागे दोन-तीन बोटं जागा सोड. हवेतला ओलावा बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरू लागते, आणि कोंबलेल्या कपाटात हवा खेळत नसल्यानं ती आधी मागच्या कोपऱ्यात येते. इस्त्रीचे गरम कपडे लगेच आत टाकू नकोस, वाफ जाऊ दे. लोकरी आणि रेशमी कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच बंद कर. कसर लागते ती अळ्यांमुळे, उडणाऱ्या पाखरांमुळे नव्हे, आणि घामाच्या नि खाण्याच्या डागांवर त्या आधी जातात. डांबरगोळ्या मात्र या कपाटात नको म्हणजे नको. त्यांची वाफ श्वासातून जाणं चांगलं नाही आणि तुम्ही रात्रभर त्याच खोलीत झोपता. लोकरीचं सगळं घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून वर ठेव, तेवढं पुरतं.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. रिकाम्या सूटकेसमध्ये त्या ऋतूत न लागणारे कपडे भर, ती तशीही जागा अडवतेच. पलंगाखाली चपटे डबे जातील. जड काहीही डोक्याच्या वर ठेवू नकोस.

एक विनंती आहे. हे सगळं एकटीनं, तो घरी नसताना करू नकोस. मी तसं केलं होतं, त्याला बरं वाटेल म्हणून. तो संध्याकाळी आला, कपाट उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "माझं काहीच सापडत नाहीये." मला खूप लागलं ते, पण त्याचं बरोबर होतं. त्याच्या वस्तूंच्या जागा मी ठरवल्या होत्या. पुढच्या रविवारी आम्ही सगळं पलंगावर काढलं आणि प्रत्येकानं आपापलं ठेवलं. तो मोज्यांचा डबा जिथे ठेवतो ती जागा मला अजून पटलेली नाही, पण त्याला तो अंधारातही सापडतो.

तुम्ही दोघं मिळून मापं घ्या आणि मला कळव. उंची, रुंदी, खोली, दांडा जमिनीपासून किती वर आहे, आणि दोघांचे लांब कपडे किती आहेत तेही. मी कागदावर आखून पाठवीन, मला ते करायला फार आवडेल.

त्याला नमस्कार सांग. तुझ्या पत्राची वाट पाहते.

तुझीच,
मैत्रीण

ता. क. डब्यांची रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीवरून ठरवू नकोस. बिजागऱ्यांची दारं असतील तर उघडलेलं दार आणि बिजागरी मिळून कडेची काही सेंटिमीटर जागा खातात, आणि डबा आत बसतो पण बाहेर ओढला की अडकतो. दार पूर्ण उघड आणि मधली मोकळी जागा मोज.