आजीची वही

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

आजीचे दिवस झाले. तुला तिकीट मिळालं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. शेवटचे दोन दिवस ती मलाही ओळखत नव्हती.

मला दुसरंच काहीतरी खुपतंय. मृत्यूची नोंद करायला गेलो, तर खिडकीतल्या माणसाने विचारलं, "व्यवसाय?" मी पटकन बोलून गेलो, "गृहिणी." त्याने लिहिलं. जिना उतरताना पाय अडखळले. आपण हे काय सांगून आलो!

तुझी आजी खाणावळ चालवायची. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या आमच्या खोलीत. गिरणीतली बावीस माणसं तिच्या हातचं जेवायची. बहुतेक कोकणातली, बायकापोरं गावी ठेवून आलेली. एकेका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारी. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून आमचा स्टोव्ह पहाटे चारला पेटायचा. पंपाच्या आवाजानेच मला जाग यायची. भाकऱ्या थापून थापून तिची बोटं अशी झाली होती की तव्यावरची भाकरी ती उलथन्याशिवाय फिरवायची.

पैसे पगार झाल्यावर मिळायचे. रेशन, रॉकेल मात्र रोज लागायचं. मग सावकार आलाच. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. गहाण टाकायला काही नाही, एकमेकींनाच जामीन राहायचं. आजीला शाळा माहीत नव्हती, पण बँकेत अंगठा उठवायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. परातीत पीठ पसरून ती बोटाने आपलं नाव गिरवायची. मी शेजारी बसून चुका सांगायचो. मग त्याच पिठाची भाकरी व्हायची. तिने केलेली पहिली सही मी पाहिली आहे, मनू. शेवटचं अक्षर कागदाबाहेर जाता जाता राहिलं होतं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात तुझे आजोबाही. पगार थांबला, पण आजीने पंगत थांबवली नाही. आधी रविवारचे बांगडे बंद झाले, मग भात कमी झाला, आमटी पातळ झाली. पावसाळ्यापर्यंत तिने उधारीवर सगळ्यांना जेवू घातलं. तिच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. संप कुणी मागे घेतल्याचं कधी जाहीरही झालं नाही. माणसं तेवढी एकेक करून गावी निघून गेली.

काल ट्रंकेत तिची हिशेबाची वही सापडली. दुसऱ्यांची नावं लिहिता येईनात, म्हणून प्रत्येक माणसासाठी तिने एक चित्र काढलंय. छत्री, चष्मा, तबला, विडी. पुढे जेवणाच्या उभ्या रेघा. पैसे मिळाले की आडवी रेघ. 82 च्या पानांवर नुसत्या उभ्या रेघा आहेत. ते पैसे तिने कधी मागितले नाहीत. वहीही टाकून दिली नाही.

नोंद बदलून मिळते का, ते सोमवारी जाऊन विचारतो. तू मे महिन्यात आलीस की वही तुझ्याकडे देईन. तबल्याच्या खाली एक चित्र आहे, मासा की होडी, मला काही केल्या कळत नाही. तू बघ.

तुझा,
बाबा