भागू तुला का दिली नाही

पुणे,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय वैजू,

‘वाईच्या परक्या माणसाला दिलीस, मला नाही,’ एवढा एक मेसेज टाकलास आणि महिनाभर गप्प. फोन केला असता तर तू चिडली असतीस, मग मी चिडले असते, म्हणून कागद घेऊन बसले आहे. सगळं पहिल्यापासून सांगते, मग काय चिडायचं ते चिड.

भागू ही कुत्री मला सापडली ती आमच्या मागच्या बांधकामावर. गेल्या जूनमध्ये इमारत पुरी झाली, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उठल्या, टेम्पो भरून माणसं दुसऱ्या साइटवर गेली आणि ही मागे राहिली. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांवर बसून दिवसभर फाटकाकडे बघायची. नियमाप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. आम्ही केलंही तसंच, तिच्या कानाला खाच आहे ती त्याचीच. पण ‘तिथे’ म्हणजे कुठे गं? तिच्या जागेवर पार्किंगच्या फरशा बसत होत्या आणि नवा रखवालदार प्लॅस्टिकचा पाइप घेऊन मागे लागायचा. शेवटी घरी आणली.

घरी आली ती थेट पलंगाखाली. बावीस तास बाहेर नाही, पाणी नाही, लघवीसुद्धा नाही. अंगाचं मुटकुळं करून भिंतीला चिकटलेली. मी वाकून बघितलं की जांभया द्यायची. मला वाटायचं, दमली बिचारी. डॉक्टर म्हणाल्या, ती झोपेची जांभई नाही, धास्तीची आहे. ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, सगळं त्यातलंच. म्हणजे मी ‘माझं सोनं ते’ करत वाकत होते आणि ती दर वेळी ‘जा बाई तू’ म्हणत होती. खालच्या पोरांनी तिला भित्री भागूबाई म्हणायला सुरुवात केली, तेच नाव राहिलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्या हातून ओट्यावरची जर्मनची थाळी पडली. केवढा आवाज! म्हटलं, आता ही आठवडाभर दिसत नाही. आणि वैजू, ही पलंगाखालून बाहेर! कान उभे, मान तिरकी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. साइटवर जेवणाच्या वेळी कुणीतरी थाळी वाजवून तिला बोलवत असणार, दुसरं काय. माझ्या गोड बोलण्याने जे झालं नाही ते पडलेल्या थाळीने केलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणंच कमी केलं. थाळी वाजवायची, दहीभात ठेवायचा आणि पाठ करून भाजी निवडत बसायचं.

पहिल्या घराचं तुला मी कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती म्हणून. ऑगस्टमध्ये दिल्लीची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश ११ तारखेला आला आणि २२ तारखेला बदलला, आठवतंय? त्या दिवसांत निम्मे लोक कुत्र्यांवर तुटून पडले आणि निम्मे एकदम हळवे झाले. त्या हळव्यांतल्या एका कुटुंबाने भागूला मागितलं. भली माणसं होती, त्यांना मी बोल लावणार नाही. चूक माझी. २४ ऑगस्टला, गणपती तीन दिवसांवर आलेले असताना, मी ही असली घाबरट कुत्री त्यांच्या हवाली केली! चतुर्थीच्या संध्याकाळी घरात पंधरा माणसं, आरती, झांजा आणि खाली ढोलपथक. पोरगा तिला फिरवायला घेऊन उतरला, तिने मागच्या मागे जोर लावला, गळ्यातला पट्टा डोक्यातून सटकला आणि ती गेली.

घर वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. सगळे तिला हाका मारत टेकडीवर पसरले. मायेनेच हो, पण जितक्या हाका तितकी ती लांब. आपण लहानपणी नामदेवांची गोष्ट ऐकायचो ना, कुत्र्याने पोळी पळवली आणि हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले? भागूच्या मागे धावले असते तर ती पंढरपूरहून थेट बार्शीला पोचली असती. शेवटी मी सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी दोघांना ती खाणीजवळ दिसली होती. तिथे रोज संध्याकाळी सहाला माझी जुनी गोधडी अंथरायची, थाळी वाजवायची, भात आणि उकडलेली कोंबडी ठेवायची आणि दुसरीकडे तोंड करून बसायचं. तिसऱ्या दिवशी झुडपात हालचाल. चौथ्या दिवशी मी गेल्यावर जेवली. गौरी गेल्या त्या संध्याकाळी, भुरभुर पावसात, माझ्या मांडीला टेकून बसली. कितीतरी वेळ हात लावला नाही मी. मग हळूच फासा टाकला आणि रस्ताभर रडले.

आणि ऑक्टोबरात तू म्हणालीस, मला दे.

तुझ्या घराला नावं ठेवत नाही. पण चौदावा मजला, लघवीला दिवसातून चारदा लिफ्ट, लिफ्टमध्ये दर मजल्याला नवा माणूस. दोन मुलगे, त्यांचे मित्र. हे सगळं एक वेळ निभावलं असतं. खरी अडचण तू आहेस. तू लिहिलंस, ‘मी तिला इतकं प्रेम दिलं असतं!’ दिलंच असतंस. पहिल्याच दिवशी मिठी मारली असतीस. तुझं प्रेम उतू जातं गं, मला माहीत आहे, तीस वर्षं त्यावरच जगते आहे मी. भागूला मात्र ज्याला तिच्याकडून काही नको, असं माणूस हवं होतं.

विचारणा करणारे बाकीचेही होते. एकाला शेतावर राखणीला पाहिजे होती (राखण! ही!), एका बाईंना फोटोत शेपूट पायात दिसली म्हणून नको झाली. मग वाईच्या मावशीच्या आळीतल्या टेलरकाकांचा फोन आला. ते म्हणाले, “आमच्याकडे दिवसभर मशीन चालतं. आवाज पाठवतो, तिला ऐकवून बघा.” आणि खरंच मशीनचा पाच मिनिटांचा आवाज व्हॉट्सॲपवर आला. पंधरा दिवस तो मी जेवणाच्या वेळी बारीक आवाजात लावला, मग जरा मोठा. पहिल्यांदा जांभया. पुढे पुढे मशीन सुरू झालं की ती थाळीकडे बघायला लागली.

खंबाटकी ओलांडून, सुरूर फाट्याला वळून तीनदा गेलो. दोन तास बसायचं, चहा घ्यायचा, परत. काकांनी एकदाही मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही. काजं-बटणं चाललेली. खरं काम केलं ते त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने, खंड्याने. काकू पाय आपटत गेल्या तरी तो डोळा उघडत नाही. भागू त्याच्याकडे बघायची, मग काकूंकडे, परत त्याच्याकडे. तो उठला नाही म्हणजे पळायचं कारण नाही, असा तिचा हिशेब. तिसऱ्या खेपेला त्याच्या शेपटीशी जाऊन आडवी झाली.

१४ डिसेंबरला तिथेच ठेवली. या वेळी छातीचा पट्टा वेगळा, गळ्याचा वेगळा, दोन दोऱ्या, बिल्ल्यावर दोघांचे नंबर आणि परसदाराला नवी कडी, मी स्वतः ओढून बघितलेली. कुत्र्याला नवं घर कळायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, आपलं वाटायला तीन महिने लागतात असा एक ठोकताळा आहे. काकांना सांगितला तर म्हणाले, “ब्लाउजची तारीखसुद्धा मी पाळत नाही, हिला कशाला घालू?”

उद्या आठ आठवडे संपून नववा लागेल. दिवसभर ती कापणीच्या टेबलाखाली कतरणीच्या ढिगावर असते. गिऱ्हाईक ओसरीवरूनच जातं. काकांनी अजून तिला हात लावलेला नाही. परवा फोनवर सांगत होते, मशीन चालवताना पायडलवरच्या टाचेला काहीतरी ओलं लागलं. नाक. काका थांबले नाहीत, शिवण सोडली नाही. “शिवण वाकडी गेली,” म्हणाले, “उसवून परत घातली.”

मार्चमध्ये मी जाणार आहे, तू चल. मेणवलीचा घाटही बघू. आत गेल्यावर तिला हाक मारायची नाही, बघायचं नाही, ओसरीवर बसून काकूंशी गप्पा मारायच्या. आली तर येईल. चिकन मी उकडून आणते. तू फक्त ते सळसळणारं जर्किन ठाण्यालाच ठेवून ये.

तुझी,
मंदा